विफलबॉल: एका घासलेल्या बॉलचं प्रकरण

मंडळाच्या क्रीडा समितीने "जे झालं ते एकदा नीट लिहून ठेवा, म्हणजे ग्रुपवरची भांडणं थांबतील" असं सांगितलं, म्हणून हे लिहितेय. भांडणं थांबतील असं मला वाटत नाही. संघात माझं काम स्कोअर लिहिण्याचं, आणि कोणाचा पाय मुरगळलाच तर सहावी म्हणून उतरण्याचं. पाय कोणाचाच मुरगळला नाही. त्यामुळे दोन्ही सामने मी घडीच्या खुर्चीत बसून, वही मांडीवर ठेवून पाहिले. दोन्ही आम्ही हरलो. पहिला सरळ सरळ हरलो. दुसरा ज्या तऱ्हेने हरलो, त्याचं हे प्रकरण.

स्थळ कनेक्टिकट राज्यातली फेअरफिल्ड काउंटी. गावच्या वाचनालयासाठी निधी गोळा करायला शाळेच्या मैदानावर एका शनिवारी विफलबॉलची, म्हणजे छिद्रांच्या प्लॅस्टिक बॉलने खेळायच्या अंगणातल्या बेसबॉलची, हौशी स्पर्धा ठेवली होती. आठ संघ, प्रत्येकात पाच जण, चार इनिंगचा सामना, दोनदा हरलात की घरी. मराठी मंडळाचा एक संघ पाठवूया ही कल्पना आमच्या कॅप्टनची. आम्ही एकमेकांना गावावरूनच हाक मारतो, तेच इथे चालवते. कॅप्टन पार्लेकर, वय पंचावन्न, शिवाजी पार्कात क्रिकेट शिकलेला सरळ बॅटचा माणूस. सातारकर, टेनिस बॉलच्या रात्रीच्या स्पर्धा खेळून आलेला डावखुरा बोलर. डोंबिवलीकर, जो सगळं थोडं थोडं करतो. नागपूरच्या वहिनी, कॉलेजात सॉफ्टबॉल खेळलेल्या, म्हणजे या खेळाच्या जवळचं काही माहीत असलेल्या आमच्यातल्या एकट्या. आणि मास्टर्स करायला आलेला कोल्हापूरचा एक पोरगा, जो पळायला हवा म्हणून घेतला होता. या खेळात कोणी पळतच नाही, हे आम्हाला मैदानावर पोचल्यावर कळलं.

नावावरून गाडीत भरपूर विनोद झाले. "नावातच विफल आहे, सफल काय होणार?" हा त्यातला सगळ्यांत बरा. गंमत अशी की मूळ नावाचा अर्थही फार लांब नाही. बॅट फिरवली आणि बॉल चुकला, हवेत नुसता सूं आवाज आला, त्याला इथली पोरं 'व्हिफ' म्हणायची. त्यावरून विफल. म्हणजे मराठी अर्थ लावला तरी बॅटिंग करणाऱ्याच्या बाजूने बरोबरच पडतो.

हा खेळ जन्मला तोही याच काउंटीत. १९५३ साली फेअरफिल्ड गावात डेव्हिड मलेनी यांचा बारा वर्षांचा मुलगा मित्राबरोबर मागच्या अंगणात झाडूचा दांडा आणि गोल्फचा छिद्रांचा प्लॅस्टिकचा बॉल घेऊन खेळायचा. त्या बॉलला वळण द्यायच्या खटपटीत पोराचा दंड दुखून यायचा. वडील स्वतः पिचर, म्हणजे बेसबॉलचे बोलर, होते, त्यांना पोराच्या खांद्याची काळजी. अत्तराच्या पॅकिंगसाठी वापरतात ते प्लॅस्टिकचे गोल त्यांनी मिळवले आणि जेवायच्या टेबलावर बसून बापलेकांनी ब्लेडने त्यांत वेगवेगळ्या आकारांची छिद्रं कापून पाहिली. एक नमुना जमला: बॉलच्या एका अर्ध्या भागात आठ लांबट छिद्रं, दुसरा अर्धा गुळगुळीत. मनगटाला झटका न देता बॉल आपोआप वळायला लागला. पुढे शेल्टन गावात कारखाना झाला, तो अजून त्याच कुटुंबाकडे आहे, आणि २०१७ साली हा बॉल अमेरिकेच्या 'नॅशनल टॉय हॉल ऑफ फेम' या खेळण्यांच्या मानाच्या यादीत गेला. आम्ही गाडीने आलो तो रस्ता शेल्टनहून फार लांब नव्हता. आम्ही मात्र त्या बॉलकडे खेळणं म्हणूनच बघत होतो.

बॉल हातात घेतला की तसंच वाटतं. आकाराने बेसबॉलएवढा, वजन जेमतेम २० ग्रॅम. टेनिसचा बॉल ५६ ते ५९ ग्रॅमचा असतो, क्रिकेटचा १५६ ते १६३. बॅट पिवळ्या प्लॅस्टिकची, पोकळ, ३२ इंच लांब आणि झाडूच्या दांड्यापेक्षा थोडीच जाड. पार्लेकरांनी ती उचलून बघितली आणि म्हणाले, "ही बॅट आहे की पाण्याचा पाइप?"

पहिला सामना आम्ही ९–० हरलो. बारा आउट माझ्या वहीत आहेत, इनिंगला तीन याप्रमाणे: सात व्हिफ, म्हणजे तीन स्ट्राइक होऊन गेलेले, तीन जमिनीवरचे, एक झेल, आणि एक असा की तो कोणत्या रकान्यात लिहायचा ते मला विचारावं लागलं. तो कॅप्टनचा. पहिलाच बॉल त्यांनी डावा पाय पुढे टाकून, कोपर वर ठेवून, मऊ हातांनी खाली दाबला. शिवाजी पार्कात कोणी "वा!" म्हटलं असतं. इथे पंच मावशींनी हात वर केला. बॅट फिरवायची सोडून बॉल नुसता थोपवणं याला 'बंट' म्हणतात आणि विफलबॉलमध्ये तो चालत नाही. या स्पर्धेत बंट केला की सरळ आउट. पार्लेकर परत येऊन माझ्या शेजारी बसले आणि दोन मिनिटं काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आयुष्यात पहिल्यांदा डिफेन्स केला म्हणून आउट झालो."

जमिनीवरचे तीन आउट त्याच जातीचे. आपल्याकडे पोराला पहिल्या दिवसापासून सांगतात, बॉल खाली ठेव, उचलू नको. विफलबॉलमध्ये जमिनीवरून सरपटत जाणारा बॉल फिल्डरने तो हलता असताना अडवला की आउट. थ्रो नाही, स्टंप नाही, धावणं नाही. उंच मारला तर झेल, जमिनीवर मारला तर अडवणूक. मधली जी डोक्याएवढ्या उंचीची सरळ रेष आहे, तिथून बॉल गेला तरच काहीतरी मिळतं. म्हणजे पंचावन्न वर्षांच्या माणसाचा चांगुलपणाच त्याला आउट करत होता. वहिनींना हे लगेच कळलं, कारण त्यांच्या हाताला बेसबॉलची वळणं होती. पण त्यांचा बॉलशी मेळच बसला नाही. तो त्यांच्यापर्यंत यायचा आणि शेवटच्या सहा फुटांत मत बदलायचा.

न पळण्याचं मात्र आम्हाला कोणी शिकवावं लागलं नाही. बॉल अमुक रेषेपलीकडे पडला तर सिंगल म्हणजे एक बेस, त्याच्यापुढे डबल म्हणजे दोन, आणखी पुढे ट्रिपल, कुंपणावरून गेला तर होमरन. चौथा बेस म्हणजे घर, तिथे पोचलं की एक रन. बेसवर उभे असलेले खेळाडू काल्पनिक, त्यांना इथे भुताटकीचे रनर म्हणतात, आणि ते फक्त स्कोअरच्या वहीत पुढे सरकतात. चाळीत, सोसायटीत वाढलेल्या माणसाला हे सांगायला लागतं का? गेटला लागला तर 'वन डी', म्हणजे न पळता एक रन, भिंतीला डायरेक्ट लागला तर 'टू डी', जोश्यांच्या गॅलरीत गेला तर आउट आणि आणायलाही तोच जाणार. कोल्हापूरचा पोरगा नियम ऐकून म्हणाला, "हे तर आमच्या बोळातलं क्रिकेट!" त्या वाक्याने आम्ही सगळे जरा जास्तच निर्धास्त झालो, असं मला आता वाटतं.

नियमांचा कागद एकच होता, दोन्ही बाजूंनी छापलेला. पुढच्या बाजूला बारीक अक्षरात जबाबदारीची हमी: पडलो, लागलं, दात पडला तर वाचनालयाला, शाळेला, गावाला दोष देणार नाही, खाली सही. या काउंटीत लोक याबाबतीत उगाच हळवे नाहीत. इथल्याच ग्रिनिचमध्ये २००८ च्या उन्हाळ्यात पोरांनी गावच्या मालकीच्या एका पडीक प्लॉटवरचं रान साफ करून विफलबॉलचं मैदान तयार केलं होतं, बॉस्टनच्या फेनवे पार्कातल्या उंच हिरव्या भिंतीची प्लायवुडची नक्कलसुद्धा उभारली होती. शेजाऱ्यांनी तक्रारी केल्या, प्रकरण वकिलांपर्यंत आणि वर्तमानपत्रांपर्यंत गेलं, आणि शेवटी गावाने ते मैदान मोडायला लावलं. तेव्हा कागदाची पुढची बाजू विम्याने भरलेली असणं समजू शकतं. खेळाचे नियम मागच्या बाजूला, अकरा ओळींत. त्यातली बॉलविषयी ओळ एकच: "प्रत्येक संघाला सामन्याच्या सुरुवातीला एक नवीन बॉल मिळेल." म्हणजे आपण बॉल टाकताना आपला, त्यांनी टाकताना त्यांचा. त्या बॉलचं पुढे काय करायचं, काय करायचं नाही, यावर एक अक्षर नाही. सगळं प्रकरण त्या कोऱ्या जागेतलं आहे.

दोन सामन्यांच्या मध्ये दीड तास होता. वहिनींनी कांदेपोह्यांचा डबा उघडला. सातारकर पोहे न खाता शेजारच्या मैदानावर चाललेला सामना बघायला गेला. परत आला तो हातवारे करत.

"दादा, हा बॉल जोरात टाकायचाच न्हाई. भोकं कुठल्या बाजूला धरलीत त्यावर हाय सगळं. भोकं उजवीकडं तर उजवीकडं जातोय, डावीकडं तर डावीकडं. आपल्या जुन्या बॉलसारखंच की, एक बाजू चकचकीत, एक खरबरीत."

हे त्याने नुसतं बघून ओळखलं, आणि साधारण बरोबर ओळखलं. छिद्रांच्या बाजूची हवा ढवळली जाते आणि बॉलला जरा जास्त वेळ चिकटून राहते, गुळगुळीत बाजूची आधी सुटते. बॉल छिद्रांकडे ओढला जातो. क्रिकेटचा बॉल साधा स्विंग होतो, रिव्हर्स नव्हे, तेव्हाही खरबरीत बाजूकडेच वळतो. फरक असा की या बॉलच्या आतही हवा शिरून फिरत असते. पेनसिल्व्हेनियातल्या लाफायेट कॉलेजात जेन रॉसमन यांनी हे बॉल हवेच्या बोगद्यात ठेवून मोजले, तेव्हा बाहेरची आणि आतली हवा एकमेकींशी झगडतात आणि वेगाप्रमाणे कधी हिची, कधी तिची सरशी होते, असं दिसलं. म्हणून तर नवाकोरा गुळगुळीत बॉल मनासारखा टाकणं कठीण. हातातून निसटतोही.

आणि म्हणून सातारकरने केलं ते केलं. आमच्या दुसऱ्या सामन्याचा नवा बॉल मिळाल्यावर तो पार्किंगच्या डांबरावर उकिडवा बसला आणि बॉल घासायला लागला. गुळगुळीत अर्धा नव्हे, छिद्रांच्या मधल्या पट्ट्या. लपूनछपून नाही, चोरून नाही, गुणगुणत. मी त्याच्यापासून दहा फुटांवर होते. टेनिस बॉलला एका बाजूने टेपची पट्टी मारून खेळलेल्या माणसाला बॉलची एक बाजू वेगळी करणं हे चप्पल काढून घरात येण्याइतकं सवयीचं. घासून झाल्यावर त्याने बोट फिरवून बघितलं, छिद्रांच्या कडांना पांढरी लव उठली होती, ती नखाने काढली, आणि बॉल खिशात टाकला. कॅप्टनने बघितलं नाही. मी बघितलं आणि मला काहीच वाटलं नाही, हेही नोंदवून ठेवते.

दुसऱ्या सामन्यात समोर एक कुटुंब होतं. आजोबा, दोन मुलगे, एक सून आणि नात. नात पंधरा-सोळा वर्षांची, तीच पिचर. आजोबांच्या खांद्यावर एक लांब मोजा लटकत होता, त्यात सहा-सात विफलबॉल ठासून भरलेले, प्रत्येकावर मार्करने काहीतरी खूण. घरी सरावासाठीचे असतील असं मला वाटलं. त्या मोज्याकडे नीट बघायला हवं होतं.

आम्ही पहिली बॅटिंग केली. डोंबिवलीकरने डोळे मिटून मारलेला बॉल कुंपणावरून गेला: एक रन. आणि मग सातारकर. बॅटिंग करणाऱ्याच्या मागे चौकटीत पत्र्याचा एक फळा असतो, साधारण दोन फूट रुंद. बॉल त्याला लागला की स्ट्राइक, बॅट फिरवून चुकलात तरी स्ट्राइक. पहिल्या इनिंगमध्ये तीन वेळा असा आवाज आला की बॉल बाहेरून आला, बॅटीला वळसा घातला आणि टण्ण. आजोबांचे दोन्ही मुलगे व्हिफ. दुसऱ्या इनिंगमध्ये सुनेने एक बरोबर पकडला आणि होमरन मारला, १–१. तिसऱ्या इनिंगमध्ये वहिनींनी एक डबल आणि कोल्हापूरच्या पोराने त्यामागे होमरन मारला: ३–१. त्यांच्या तिसऱ्या इनिंगचे पहिले दोन आउट झाले तेव्हा माझ्या वहीत सातारकरच्या नावापुढे सहा व्हिफ होते.

तिथे आजोबा पुढे आले. हात पुढे करून बॉल मागितला. सातारकरने दिला. आजोबांनी अंगठा फिरवला, सुनेकडे बघून हसले आणि आमच्या कॅप्टनला जे म्हणाले त्याचा मतलब असा: बॉल घासलाय, छान घासलाय, पण मग तो एकाच संघाकडे कसा?

पार्लेकरांनी पहिला अर्धाच ऐकला. बॉल घासलाय.

क्रिकेट बघत मोठ्या झालेल्या माणसाच्या डोक्यात त्या दोन शब्दांनी काय होतं ते आम्हा सगळ्यांना माहीत आहे. मार्च २०१८, केपटाऊन, बॉल घासायला आणून पँटमध्ये लपवलेला पिवळा पॉलिश पेपर, ऑस्ट्रेलियाच्या स्मिथ आणि वॉर्नरला वर्षभराची बंदी, स्मिथ पत्रकारांसमोर रडतोय. त्याच्याही आधीचा एक घाव आहे, खास आपला: नोव्हेंबर २००१, पोर्ट एलिझाबेथ, सामनाधिकारी माइक डेनेस, आणि शिवणीवर अंगठा फिरवताना कॅमेऱ्यात दिसला म्हणून त्यांनी शिक्षा दिलेला सचिन. त्या आठवड्यात पार्ल्यात कोणाच्या घरी काय बोललं गेलं असेल ते मी सांगायला नको. पार्लेकरांचे कान लाल झाले. ते वळून सातारकरला म्हणाले, "तू घासलास?"

"हो, दादा. मगाशी. पार्किंगात."

"कोणाला विचारून?"

"विचारायचं काय त्यात? मी काय चोरी केली का?"

यानंतर कॅप्टन तडक पंच मावशींकडे गेले आणि इंग्रजीत कबुलीजबाब दिला. आमच्या खेळाडूने बॉलची अवस्था बदलली आहे. आम्हाला ते मान्य आहे. समोरच्या संघाला पाच रन द्या.

पाच का? क्रिकेटच्या कायद्यात कलम ४१.३ आहे, बॉलशी अशी छेडछाड केली तर प्रतिस्पर्ध्याला पाच दंडाच्या धावा. पंच मावशी निवृत्त शिक्षिका. त्यांनी कागद उलटा केला, सुलटा केला, अकरा ओळी दोनदा वाचल्या आणि विचारलं, "पाच? हे पाच कुठून आले?" आजोबांच्या मुलाला वाटलं आम्ही सामना सोडतोय. नात पाणी पीत उभी होती, तिला हसू आवरेना. पाचसात मिनिटं दोन्ही संघ एकमेकांना दोन वेगळ्या खेळांचे नियम समजावत होते.

आजोबांचं म्हणणं शेवटी वहिनींनी उलगडलं. विफलबॉलमध्ये बॉल घासणं हे पापच नाही. लोक सिमेंटवर घासतात, पॉलिश पेपर लावतात, काही जण तर चाकूने चरे पाडतात. त्याने बॉल हातात बसतो आणि हवा तसा वळतो. काही स्पर्धांत बंदी असते, काहींत मुभा, जिथे जशी रीत. बेसबॉलमध्ये मात्र हे चालत नाही. थुंकी लावलेल्या बॉलवर तिथे १९२० सालीच बंदी आली. म्हणजे हा भारत-अमेरिका असा फरक नाहीच, अंगणातला खेळ आणि मैदानातला खेळ असा आहे. आजोबांच्या मोज्यातले बॉल सगळे घासलेले होते. मार्करच्या खुणा होत्या त्या कुठला किती घासलाय त्याच्या. ते त्यांनी बाहेर काढले नाहीत, कारण कागदावर 'एक नवीन बॉल' असं लिहिलंय आणि त्यांनी त्याचा अर्थ 'या स्पर्धेत घासायचा नाही' असा लावला. आम्ही त्याच ओळीचा काहीच अर्थ लावला नाही. त्यांची मागणी एवढीच होती: घासायचा तर दोघांनी घासलेला वापरूया.

वहिनींनी कॅप्टनला बाजूला घेतलं. "अहो भाऊजी, ते दंड मागतच नाहीयेत नं. त्यांना फक्त तोच बॉल हवाय. देऊन टाका आणि खेळा."

पंच मावशींनीही तोच निकाल दिला. इथून पुढे दोन्ही संघ सातारकरचाच बॉल वापरतील, आतापर्यंतचे रन कायम. तिसऱ्या इनिंगचा उरलेला आउट सातारकरने चार बॉलमध्ये काढला. ३–१, एक इनिंग बाकी.

इथपर्यंत काहीच बिघडलं नव्हतं. बिघडलं ते पुढच्या दोन गोष्टींनी. पहिली आमच्या हातात नव्हती: चौथ्या इनिंगमध्ये तो घासलेला बॉल त्या नातीच्या हातात गेला. सातारकरला त्या बॉलची ओळख दोन तासांची. तिचं बालपण त्यात गेलेलं. नऊ बॉल, नऊ स्ट्राइक, तीन आउट. एक बॉल तर वहिनींच्या गुडघ्यापाशी आला आणि तिथून वर चढला. वहिनी बॅट टाकून हसत परत आल्या: "काय करू बापा त्याला?"

दुसरी गोष्ट आमच्या हातात होती. शेवटच्या इनिंगला कॅप्टनने सातारकरला बोलिंगवरून काढलं. "तुझ्या हातात आता तो बॉल नको. दिसायला बरं दिसत नाही." बॉल डोंबिवलीकरकडे दिला, ज्याने तो आयुष्यात टाकला नव्हता. सिंगल, झेल, सिंगल, चार बाहेरचे बॉल म्हणून वॉक, म्हणजे फुकटचा बेस, सगळे बेस भरले. मग एक व्हिफ. आम्ही सगळे उभे राहिलो. मग आजोबा स्वतः आले. त्यांनी पाय हलवला नाही, फक्त मनगटं. डोक्याएवढ्या उंचीची ती सरळ रेष, डबल, भुताटकीचे दोन रनर घरी, ३–३. पुढच्या बॉलला धाकट्या मुलाचं सिंगल. ४–३.

ग्रुपवरचे दोन तट असे आहेत. एक म्हणतो, कॅप्टनने मराठी माणसाची इभ्रत राखली. कोणी मागितली नसताना चूक कबूल केली, याला दम लागतो. दुसरा म्हणतो, चूक नव्हतीच तर कबूल काय केलं, आणि वर चाललेला बोलर काढला. माझं मत दुसऱ्या बाजूला झुकतं, पण पूर्ण नाही. चूक होती. घासण्यात नव्हती, सातारकरने घासलेला बॉल समोरच्यांना दाखवला नाही, यात होती. गल्लीत पट्टी मारलेला बॉल दोन्ही बाजू वापरतात, एकच असतो ना तो. इथे दोन बॉल होते, आणि तो फरक आमच्यातल्या कोणाच्या लक्षात आला नाही. माझ्याही नाही, आणि मी दहा फुटांवर होते. पाच रनचा प्रस्ताव हा पोर्ट एलिझाबेथच्या जखमेला लावलेला मलम होता, त्याचा या मैदानाशी संबंध नव्हता. सातारकरला काढणं हे तर मला अजिबात पटलेलं नाही. बॉल एकदा दोघांचा झाल्यावर त्याच्या हातात तो डागाळलेला कसा? दिसायला बरं दिसत नाही, हे कोणाला? समोरच्यांना तर काहीच दिसत नव्हतं. सातारकर परत येताना गाडीत मागच्या सीटवर खिडकीबाहेर बघत बसला होता. पार्लेकरांनी दोनदा विषय काढायचा प्रयत्न केला. तिसऱ्यांदा त्यांनी रेस्ट एरियाला गाडी थांबवली, दोन कॉफ्या आणल्या आणि एक त्याच्या हातात दिली. बोलणं काही झालं नाही, पण त्याने कॉफी घेतली.

कागद लिहिणाऱ्यांनाही थोडा दोष आहे. दात पडला तर काय याचा विचार पूर्ण पानभर केला, बॉलचा एका ओळीत. पण खरं सांगायचं तर त्यांच्यासाठी ती ओळ पुरेशी होती. ज्यांना रीत माहीत असते त्यांना ती लिहावी लागत नाही. जोश्यांच्या गॅलरीत गेला की आउट, हे आपणही कुठे लिहून ठेवलं होतं? नवीन राहायला आलेल्या पोराला ते पहिल्यांदा आउट झाल्यावरच कळायचं, आणि तो भांडायचा, आणि त्याचं भांडण बरोबरच असायचं. आम्ही इथे तो नवीन पोरगा होतो. नाणेफेकीच्या वेळी "बॉलचं काय धोरण?" एवढं विचारलं असतं तर भागलं असतं. विचारलं नाही, कारण आम्ही गाडीतून उतरतानाच ठरवलं होतं की हे आपल्या बोळातलं क्रिकेट आहे.

सामना संपल्यावर आजोबा उरलेले पोहे खायला येऊन बसले. शेंगदाणे बाजूला न काढता खाल्ले, लिंबू मागून घेतलं. मग मोज्यातून एक बॉल काढून सातारकरला दिला. त्यावर निळ्या मार्करने दोन रेघा होत्या. छिद्रांच्या कडा बोटाला लागत नव्हत्या इतक्या एकसारख्या घासलेल्या, आणि गुळगुळीत बाजूवर एकाच दिशेने जाणारे बारीक चरे, पातेलं राखेने घासल्यावर पडतात तसे. सातारकरने आपला बॉल त्याच्या शेजारी धरला. आपला म्हणजे डांबरावर लोळवून आणल्यासारखा दिसत होता. "हा घासलेला," तो म्हणाला, "आणि ह्यो खरचटलेला."

या वर्षीचा नियमांचा कागद मागच्या आठवड्यात ईमेलने आला. मागच्या बाजूला आता बारा ओळी आहेत. बारावी अशी: बॉल घासायचा असल्यास नाणेफेकीपूर्वी, दोन्ही संघांच्या देखत घासावा, आणि तोच बॉल दोन्ही संघांनी वापरावा. पार्लेकरांनी तो कागद ग्रुपवर टाकला, काही न लिहिता. अर्ध्या तासाने सातारकरचं उत्तर आलं.

"दादा, पॉलिश पेपर कितीचा आणू? ऐंशीचा का एकशेवीसचा?"